आजची नाणी, उद्याचा संग्रह

आज हाती येणारी पाच-दहा रुपयांची नाणी जपून ठेवली तर पन्नास वर्षांनी त्यांना मोल येईल काय, असा प्रश्न अलीकडे आपल्या मंडळींत वरचेवर ऐकू येतो. विचारणाऱ्यांत निवृत्तीच्या उंबरठ्यावरील व्यवसायबंधू असतात, तसेच नातवाच्या नावे काहीतरी ‘मागे ठेवू’ पाहणारे आजी-आजोबाही असतात. पैशाच्या अर्थाने विचाराल तर माझे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. संग्रहाच्या अर्थाने विचाराल तर ते होकारार्थी आहे. मात्र लोक हौसेने जपतात त्या नाण्यांविषयी नव्हे, तर जी कोणीच जपत नाही त्यांच्याविषयी.

नाणे जुने म्हणजे मौल्यवान, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. आपल्या हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत एखाद्या पेटीच्या तळाशी चारमिनारचे चित्र असलेला हाली सिक्का हमखास सापडतो. १९५९ मध्ये हे चलन संपुष्टात आले. तरीही तांब्याची दोन पै आज किरकोळ किमतीत मिळते, कारण ती मुबलक पाडली गेली आणि मुबलक उरली. याउलट पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया पाहा. राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी परत घेऊन बहुतेक वितळवण्यात आली आणि १९१२ पासून हत्तीची आकृती सुधारली. जी थोडी नाणी लोकांच्या हाती राहिली, त्यांच्यामागे संग्राहक आजही धावतात. किती पाडली यापेक्षा किती उरली, आणि उरलेल्यांसाठी किती माणसे झुरतात, यावर सारा हिशेब आहे.

या कसोटीवर आधुनिक नाणे दुबळे ठरते. चांदीचा रुपया वितळवण्याचा मोह शतकभर होत राहिला, म्हणून काही वर्षांची नाणी विरळ झाली. १९८८ पासून आपल्याकडे लहान मूल्यांची नाणी पोलादाची होऊ लागली. पोलाद वितळवून कोणाचे भले होणार? तांबे-निकेलची पाच रुपयांची जाड नाणी मात्र धातूच्या लोभाने वितळवली जात असल्याच्या बातम्या मधल्या काळात येत असत. म्हणून त्यांच्यातील काही वर्षांची, न झिजलेली नाणी पुढे विरळ झाली तर मला नवल वाटणार नाही. बाकीची कोट्यवधींच्या संख्येने पाडलेली आहेत आणि ती गंजतही नाहीत.

मखमली डबीतल्या स्मारक नाण्यांविषयी तर माझे मत अधिकच कठोर आहे. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या वेळी, मे २०२३ मध्ये, ७५ रुपयांचे नाणे निघाले. असली नाणी व्यवहारासाठी नसतातच; टांकसाळ ती दर्शनी मूल्याहून कितीतरी अधिक किमतीला विकते. घेणारा प्रत्येक जण ती डबीसकट जपतो. ज्याची एकही प्रत हरवत नाही, ते दुर्मीळ कसे व्हायचे? ज्ञानेश्वर आणि शिवछत्रपती (१९९९), तुकाराम (२००२), लोकमान्य (२००७) ही नाणी आपल्या घरांत देवघराशेजारी ठेवलेली मी पाहिली आहेत. ती तिथेच शोभतात. त्यांचा भाव विचारू नये.

खरी चिंता निराळीच आहे. २०१२ च्या वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, अशी आमिषे भ्रमणध्वनीवरून फिरत असतात. हे नाणे नाणेबाजारात विनासायास मिळते. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी ते ‘विकण्यासाठी’ प्रथम नोंदणीशुल्क, मग कर, मग वाहतूकखर्च असे हप्ते भरले. नाणे घरातच राहिले आणि निवृत्तिवेतनातले पैसे गेले. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून होणाऱ्या या फसवणुकीविरुद्ध बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडे येणाऱ्या वृद्ध रुग्णांना रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात.

आता मागणीविषयी. संग्राहकाची ओढ बालपणी रुजते. चाळिशी-पन्नाशीत माणूस शोधतो ते लहानपणी मुठीत घट्ट धरलेले नाणे. बालरोगतज्ज्ञांना मुलांचा नाण्यांशी असलेला संबंध जरा जास्तच जवळून ठाऊक असतो. अ‍ॅल्युमिनियमचे कंगोरेदार दहा पैसे गिळलेले मूल आणले की पंचाईत होई, कारण तो हलका धातू क्ष-किरण चित्रात इतका फिका उमटे की डोळ्यांत तेल घालून पाहावे लागे. आज गिळल्या जातात त्या चपट्या बॅटऱ्या, आणि त्यांचा धोका कितीतरी अधिक. २०१६ मध्ये यूपीआय आले, आणि खाऊचे पैसेही आता आईच्या भ्रमणध्वनीतून जातात. ज्या मुलाने चार आणे मुठीत घामेजू दिले नाहीत, ते पन्नाशीत नाणी कशाला शोधेल? संग्राहकांची पुढची पिढीच लहान असेल, असे मला वाटते. आणि किमतीच्या आशेवर याचा परिणाम उघड आहे.

मग जपायचे ते काय? पहिले, पन्नास पैसे. हे नाणे कायद्याने आजही चलनात आहे, पण दुकानदार घेत नाही आणि भिकारीही नाक मुरडतो. नेमकी अशीच नाणी नकळत नाहीशी होतात. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ रोजी बाद झाली, तेव्हा किती जणांनी एकेक कोरी प्रत काढून ठेवली? दुसरे, २००६ च्या सुमारासचे दोन रुपयांचे नाणे. त्यावरील एकमेकींना छेदणाऱ्या रेषांना काहींनी क्रूस म्हटले, वाद झाला आणि हस्तमुद्रांची नाणी आली. तिसरे, दहा रुपये. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की त्याचे चौदाही नमुने वैध आहेत. तरी आपल्याकडे ते घ्यायला नकार मिळत असे. चौदा नमुने जमवायला खर्च किती, तर १४० रुपये.

वैद्यकीय मंडळींसाठी तर एक संग्रह तयारच आहे: १९७४ चे कुटुंबनियोजनाचे, १९७९ चे आंतरराष्ट्रीय बालवर्षाचे, १९९० चे एकात्मिक बालविकास सेवेच्या पंधरा वर्षांचे आणि १९९६ चे मातेच्या आरोग्याचे नाणे. आपल्या देशाने कोणत्या वर्षी कशाची काळजी वाहिली, हे त्यांतून दिसते. मला एखाद्या दुर्मीळ रुपयापेक्षा ही चार अधिक प्रिय आहेत.

जपताना चिंच किंवा राख लावून घासू नये. चकाकी येते आणि नाणे मरते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतही ठेवू नये, कागदी पाकिटे बरी. वर्षाच्या आकड्याखाली भिंगातून पाहावे: हिऱ्याची आकृती मुंबईची, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याचे आणि चांदणी असेल तर आपल्या हैदराबादचे. नातवंडाच्या जन्मवर्षाचे, चांदणीचे, बँकेतून आलेले कोरे नाणे दर्शनी मूल्यालाच मिळते. ते त्याला भिंगासकट द्यावे, अर्थात नाणे तोंडात घालण्याचे त्याचे वय उलटल्यावर.