शेकापूर्वी संवेदना तपासा

मधुमेही रुग्ण टाचदुखीची तक्रार घेऊन आला की अभ्यंग व स्वेदन सुचविण्याकडे आपणां सर्वांचा कल असतो. वारज्यातील आमच्या चिकित्सालयात येणारे असे अनेक रुग्ण घरी विटेचा वा वाळूचा शेक घेऊनच आलेले असतात. त्या शेकाविषयी आम्हांस थोडे परखड लिहावयाचे आहे.

तापल्यामुळे रक्तवाहिनी आपोआप रुंदावते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्वचेतील बारीक संवेदी मज्जातंतू उष्णतेची वार्ता मेंदूकडे धाडतात आणि त्याच वेळी, मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता, आपल्याच शाखांच्या टोकांतून ‘सी.जी.आर.पी.’ नामक पेप्टाइड सोडतात. त्याने सूक्ष्म धमन्यांच्या भित्तीतील अनैच्छिक स्नायू शिथिल होतात. सर थॉमस लुईस यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात ओरखड्याभोवती पसरणाऱ्या लालीचा उलगडा याच स्थानिक मार्गाने केला होता. शेकाच्या पहिल्या काही मिनिटांत वाढणारा रक्तप्रवाह बहुतांशी या तंतूंमुळे वाढतो. पुढे टिकणारी वाढ मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडची. त्वचा स्थानिक औषधाने बधिर केली, तर पहिली वाढ पुष्कळच कमी होते.

मधुमेहात हेच तंतू झिजतात. मग चटका जाणवत नाही, आणि उष्णता वाहून नेणारा रक्तप्रवाहही पुरेसा वाढत नाही. रुग्ण ‘अजून थोडे गरम चालेल’ म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी पावलावर फोड दिसतो. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता व दाह सांगितला आणि स्वेदनास अयोग्य व्यक्तींत मधुमेहीची गणना केली. हा पाठ पदवी परीक्षेपुरता नव्हता!

पुण्यात तर आणखी एक कारण आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. त्याच्या अभावानेही मज्जातंतू दुर्बल होतात. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही उणीव अधिक संभवते.

दहा ग्रॅमच्या एकतंतूची चाचणी चांगलीच. परंतु ती जाड तंतूंची परीक्षा आहे. उष्णता जाणणारे तंतू बारीक असतात. म्हणून एक कोमट व एक गार पाण्याची परीक्षानळी रुग्णाचे डोळे मिटवून पावलास लावावी. दोन मिनिटांचे काम आहे. फरक सांगता न आल्यास शेक देऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. ‘सौम्य शेक चालतो’ ही पळवाट आम्हांस मान्य नाही. सौम्य कोणी ठरवावयाचे?

औषधी दुकानदार बंधूंना विनंती, की वेदनाशामक तेल अथवा शेकाची पिशवी देताना दोनच प्रश्न विचारावेत: मधुमेह आहे का? पाय बधिर होतात का? उत्पादकांनी वेष्टनावर ‘केवळ बाह्योपचारार्थ’ छापलेले असतेच. त्याखाली ‘बधिर भागावर लावून शेकू नये’ एवढी एक ओळ सहज मावेल.