कंबर बांधा, श्वास बांधू नका



या वेळचा विषय पाहून काही मंडळी हसतील. कमरेचा पट्टा हा काय लिहिण्याचा विषय झाला? पण आमच्या वसमतमध्ये मोंढ्यातल्या हमालाच्या कमरेला पट्टा, बाळंतिणीच्या पोटाला पट्टा आणि आता लग्नाला आलेल्या पोरींच्या कपड्याआतही पट्टा. औषधाच्या दुकानात तो टांगलेला असतो आणि मोबाईलवर जाहिरात येते की महिनाभर घाला, कंबर बारीक होईल. भगिनी आम्हाला विचारतात, हा नीट घालायचा कसा? विचारले आहे तर सांगितलेच पाहिजे.

पहिली गोष्ट ही की एकाच नावाने तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. बाळंतपणानंतर पोटाला आधार देणारा पट्टा वेगळा, कंबरदुखीसाठी डॉक्टर सांगतात तो मागे कडक पट्ट्या असलेला वेगळा, आणि कंबर आवळून बारीक दाखवणारा वेगळा. हा तिसरा म्हणजे युरोपातल्या कॉर्सेटचा वंशज. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या बाया देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या आणि पोलाद घातलेली बंडी पाठीमागून दोऱ्यांनी आवळून घालत. पहिल्या महायुद्धाच्या काळात बाया कारखान्यांत कामाला लागल्या आणि ती बंडी मागे पडू लागली. वाकून काम करणाऱ्या बाईला ती परवडत नाही, हे आमच्या मायबहिणींना कोणी शिकवण्याची गरज नाही.

या पट्ट्याने चरबी वितळत नाही. पट्टा दाबतो तोवर कंबर बारीक दिसते, काढला की काही तासांत पोट पूर्ववत होते. घाम येऊन वजन अर्धा किलो उतरले तर ते पाण्याचे वजन, दोन तांबे पाणी प्यालात की परत आले. डॉक्टर लोक आपल्या देशातल्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात, कारण त्यापुढे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणजे टेप घरात आणलाच आहे तर तो घरधन्याच्या पोटालाही लावावा. पाहुणे येणार म्हणून पोरीला आवळायचे आणि बापाचे पोट सदऱ्याच्या गुंड्या तोडत असले तरी त्याला कोणी बोलायचे नाही, ही रीत आम्हाला मान्य नाही.

तरीही एखाद्या दिवशी घालायचाच असेल तर अंदाजाने घेऊ नका. बेंबीच्या रेषेत टेप लावून, श्वास सोडून, पोट न ओढता माप घ्या. आत पातळ सुती बनियन असू द्या, नायलॉन थेट अंगाला लागला की घामोळ्या आणि खाज ठरलेली. पट्टा खालून वर लावत या, म्हणजे पोट खाली ढकलले जाणार नाही. लावल्यावर दोन बोटे आत सरकली पाहिजेत, पूर्ण श्वास घेता आला पाहिजे आणि खाली मांडी घालून बसता आले पाहिजे. बसल्यावर वरची कड बरगडीत आणि खालची जांघेत रुतत असेल तर तो तुमच्या मापाचा नाही. पहिल्या दिवशी तासभर पुरे. जेवताना आणि झोपताना काढावा. छातीत जळजळ, धाप, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या किंवा आग, अर्धा तास झाला तरी न जाणारे वळ, यातले काही दिसले की लगेच सोडावा. पोटुशी बाई आणि हर्नियाचा रुग्ण यांनी याच्या वाटेला जाऊ नये. मार्च-एप्रिलात हळद शिजवायच्या कढईजवळ तर नकोच नको.

आता बाळंतिणीचे. आपल्याकडे आज्या जुन्या सुती लुगड्याची पट्टी करून बाळंतिणीचे पोट बांधत आल्या आहेत. यात तथ्य आहे. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकतात. बाळंतपणानंतर आठ आठवड्यांत पुष्कळ बायांचे बरेचसे जवळ येतात, काहींचे येत नाहीत. उताणे झोपून, गुडघे वाकवून डोके थोडे उचलावे आणि बेंबीजवळ बोटांनी चाचपावे. दोन बोटांपेक्षा जास्त फट लागत असेल तर डॉक्टरला दाखवावे. पट्ट्याने उठता-बसता आधार वाटतो, सिझेरियनच्या बाईला चालताना दुखणे कमी होते. टाक्यांवर कधी बांधायचा हे मात्र ज्या डॉक्टरने टाके घातले त्यालाच विचारावे. आणि सासूबाईंना सांगायचे ते हे की घट्ट म्हणजे चांगले असे नाही. वरून करकचून बांधले की सगळा दाब खाली जातो, खालचे स्नायू तर आधीच ताणलेले असतात. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर तो वाढतो. लाजेपायी वर्षानुवर्षे तो सोसणाऱ्या बाया आपल्या वस्तीत आहेत. सरकारी दवाखान्यात यावर तपासणी होते, आशाताईंना कानात सांगितले तरी त्या नेतात.

खरा प्रश्न पट्ट्याच्या पुढे आहे. महिन्याची बाळंतीण पोट बांधून हळद वेचायला जाते, कारण रोज बुडतो. नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. रोजंदारीवालीला काय? २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. अंगणवाडीत नाव घाला, बँकेचे खाते आणि कागदपत्रे आधीच तयार ठेवा. इतक्यात सहा महिने निघत नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे, पण हक्काचे आहे ते सोडायचे कशाला?

मोंढ्यातल्या भावांसाठी दोन शब्द. पट्टा बांधला म्हणून जास्त पोते उचलता येते, हा समज घातक आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९९४ साली सांगितले की धडधाकट माणसाची कंबर पट्ट्याने वाचते असा पुरावा नाही. २००० साली तिकडच्या दुकानांत माल उचलणाऱ्या ९,००० वर कामगारांच्या पाहणीतही तेच निघाले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९६७ सालची शिफारस अशी की पुरुषाचे ओझे ५५ किलोच्या वर नसावे आणि बाईचे त्याहून बरेच कमी असावे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, नाव दूरवर गेले. ती हळद ज्या कमरांवरून गाडीत चढते त्यांनी पोत्याचे वजन आधी विचारावे, पट्टा नंतर. आणि कंबरेतून पायाकडे कळ जात असेल किंवा पाय बधिर होत असेल तर दुकानातून पट्टा आणून गप्प बसू नका, डॉक्टरकडे जा.

पट्टा धुण्याबद्दलही एका भगिनीने विचारले आहे. चिकटपट्टी आधी बंद करावी, नाहीतर ती दोरे ओढते. थंड पाण्यात साध्या साबणाने धुवावा, पिळू नये, सावलीत पसरून वाळवावा. दोघीत एक पट्टा वापरू नये.