पुस्तकाला चार तास, पडद्याला आठ!

इंग्रजी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्यांना आता वर्गात चित्रपटही शिकवतात, असे कळले की आपल्या घरांत दोन तऱ्हेचे उद्गार ऐकू येतात. आजोबा म्हणतात, "सिनेमाच पाहायचा तर कॉलेजची फी कशाला भरायची?" नातू म्हणतो, "बरे झाले, जाडजूड पुस्तक वाचायला नको!" आजोबांची तक्रार जुनाट आहे, नातवाचा आनंद मात्र घातक आहे. आणि दुर्दैव असे की, अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी नेमके या दुसऱ्यालाच खतपाणी घातले आहे.

आजोबांना उत्तर देणे सोपे आहे. पुण्यात प्रभातचा स्टुडिओ होता, त्याच जागी आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिची स्थापना १९६० ची. जुन्या चित्रपटांचे जतन करणारे राष्ट्रीय संग्रहालय त्याच शहरात १९६४ साली निघाले. जी कला सरकार जपते, जिचे शास्त्र शिकवते, ती विद्यापीठात अस्पृश्य का मानायची? चित्रपट जरूर शिकवावा. वाद आहे तो किती शिकवावा, कशाच्या जागी शिकवावा आणि कोणता शिकवावा, याबद्दल.

२०१५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक पद्धतीचा नमुना अभ्यासक्रम पुढे ठेवला. त्यात इंग्रजी ऑनर्सच्या ऐच्छिक विषयांत 'साहित्य आणि सिनेमा' अशी एक अभ्यासपत्रिका होती. शेक्सपिअरचे 'रोमिओ अँड ज्युलिएट' आणि त्यावरचे झेफिरेली (१९६८) व बाझ लुहरमन (१९९६) यांचे चित्रपट. बाप्सी सिध्वा यांची 'आइस कँडी मॅन' ही कादंबरी आणि तीवरचा दीपा मेहतांचा चित्रपट. अमृता प्रीतम यांची 'पिंजर' आणि २००३ चा त्याच नावाचा चित्रपट. शिवाय इयान फ्लेमिंगचा जेम्स बाँड. जोड्या वाईट नाहीत. पण खाली एक टीप होती, आणि खरी मेख तिथेच आहे. प्रत्येक घटकाच्या बारा तासांपैकी चार तास पुस्तकाला आणि आठ तास चित्रपटाला!

मुंबईच्या इंग्रजी शाळेतून आलेल्या, घरात पुस्तकांची कपाटे असलेल्या मुलाला हा हिशेब परवडेल. चार तासांत राहिलेले तो घरी वाचून काढील. आमच्या बारडोलीच्या मुलाचे काय? घरात मराठी किंवा अहिराणी, गल्लीत आणि शाळेत गुजराती, टीव्हीवर हिंदी. इंग्रजी त्याच्या वाट्याला चौथ्या पंगतीला येते. ती भाषा हाती यावी, एवढ्यासाठीच तो ही पदवी घेतो. त्याच्या घरी शेक्सपिअर नाही. भेटला तर तो वर्गातच भेटणार. तिथेही आपण त्याला चार तासांत निरोप दिला, तर भेट व्हायची कधी?

यावर ठरलेले उत्तर येते : "मुले वाचतच नाहीत हो, चित्रपटामुळे निदान कथा तरी कळते." कथा बाजारातल्या गाइडमध्येही असते, त्यासाठी प्राध्यापक कशाला हवा? लुहरमनने शेक्सपिअरचे चारशे वर्षांपूर्वीचे शब्द आजच्या पिस्तुलधारी पोरांच्या तोंडी घातले. दोन्ही दिग्दर्शकांनी नाटकातला कितीतरी मजकूर गाळला. काय गाळले, का गाळले, हे मूळ नाटक वाचल्याविना कसे कळणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पुस्तक न वाचता केलेला चित्रपटाचा अभ्यास म्हणजे फुकटचा मॅटिनी शो.

दुसरा मुद्दा निवडीचा. 'पिंजर' मूळ पंजाबी. इंग्रजीच्या वर्गात ती अनुवादातून वाचायची आणि चित्रपट पाहायचा हिंदी. म्हणजे इंग्रजीच्या वर्गाचे दार देशी भाषांना उघडले आहेच. मग मराठी आणि गुजराती बाहेर का? तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे आणि सत्यदेव दुबे यांनी त्यावर १९७१ साली चित्रपटही केला. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर १९३७ साली प्रभातने 'कुंकू' काढला, आणि 'दुनिया न माने' या नावाने तोच हिंदीतही. जरठाशी लग्न लावून दिलेली त्यातली नायिका लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते! इंग्रजीच्या विद्यार्थ्याला याहून बोलका धडा कोणता? गुजरातीत केतन मेहतांचा 'भवनी भवाई' (१९८०) आहे. भवाईच्या घाटातला हा चित्रपट असाईत ठाकर आणि ब्रेश्त या दोघांना अर्पण केलेला आहे. जेम्स बाँडला आठ तास आणि यांना आठ मिनिटेही नाहीत. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हाच.

फार लांब कशाला? १९२८ च्या सत्याग्रहात वल्लभभाई 'सरदार' झाले ते याच बारडोलीत. त्या लढ्यावर महादेवभाई देसाईंनी १९२९ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. केतन मेहतांच्या 'सरदार' (१९९३) या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची. गुजराती नेता, मराठी लेखक, इंग्रजी ग्रंथ : आपल्या दुभाषी मुलांसाठी याहून आपली सामग्री कोणती?

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठे आपले अभ्यासक्रम नव्याने आखत आहेत. त्यात आपले वीर नर्मद विद्यापीठही आले. म्हणून आत्ताच स्पष्ट सांगितले पाहिजे. चित्रपट ठेवा, पण तास उलटे करा : आठ पुस्तकाला, चार पडद्याला. चारांपैकी दोन जोड्या या मातीतल्या घ्या. परीक्षेत कथा विचारू नका. पुस्तकातला एक उतारा द्या, पडद्यावरचा एक प्रसंग द्या आणि विचारा, दोहोंत काय बदलले आणि का.

पालकांनीही एक करावे. "आज कोणता सिनेमा दाखवला?" एवढेच मुलाला विचारून थांबू नये, "त्याचे पुस्तक कोठे आहे?" हेही विचारावे. आणि पुस्तक घरात आलेले नसेल, तर तोच प्रश्न महाविद्यालयात जाऊन विचारावा.