कब्बन पार्कातल्या दहा जणी

मार्च 2008 मधलं बंगळुरू म्हटलं की टेनिसवेड्या माणसाला एकच सामना आठवतो. सेरेना विरुद्ध व्हीनस, उपांत्य फेरी, तिसऱ्या सेटचा टायब्रेक आणि मॅच पॉइंट वाचवून धाकटीने मारलेली बाजी. विल्यम्स भगिनी कब्बन पार्कातल्या कोर्टावर एकमेकींशी झुंजून गेल्या हे सांगताना माझ्याही आवाजात थोडी ऐट येते. (मी तिथे नव्हतो, टीव्हीसमोर होतो. ऐट तेवढीच येते.)

पण त्या आठवड्यात महिला दुहेरी कोणी जिंकली? परवा चार जाणकार मित्रांना विचारलं. दोघांनी छातीठोकपणे सानियाचं नाव घेतलं. सानिया मिर्झा त्या वर्षी बंगळुरूत उतरलीच नव्हती. एकामागून एक अंगावर येणाऱ्या वादांना कंटाळून भारतातल्या स्पर्धांपासून दूर राहायचं तिने आधीच जाहीर केलं होतं. जिंकल्या त्या चीनच्या पेंग शुआई आणि सुन तियानतियान. 6-4, 5-7 आणि तिसऱ्या सेटऐवजी खेळतात तो दहा गुणांचा टायब्रेक, 10-8. दोन गुण इकडचे तिकडे झाले असते तर करंडक तैवानच्या चान युंग-जान आणि चुआंग चिया-जुंग यांच्याकडे गेला असता. आदल्या वर्षी तो त्यांनीच नेला होता.

डब्ल्यूटीए या महिला टेनिस संघटनेची ही स्पर्धा हैदराबादहून बंगळुरूला आली 2006 मध्ये आणि तीनच वर्षं टिकली. या तीन वर्षांतल्या दुहेरीच्या अंतिम सामन्यांचे कागद मी अलीकडे पुढ्यात घेऊन बसलो होतो. तीन सामने, बारा जागा. चान आणि चुआंग दोनदा आल्या, म्हणजे प्रत्यक्षात बायका दहा. लीझेल ह्युबर, सानिया, अनास्तासिया रोदिओनोवा, एलेना वेस्निना, चान, चुआंग, शिए सू-वेई, अला कुद्रियावत्सेवा, पेंग, सुन. या दहांपैकी सहा जणी पुढे दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत अव्वल झाल्या! ह्युबर 2007 मध्ये, पेंग आणि शिए 2014 मध्ये, सानिया 2015 मध्ये, चान 2017 मध्ये आणि वेस्निना 2018 मध्ये. उरलेल्या चौघींतली सुन तर बंगळुरूला येण्याआधीच अथेन्स ऑलिंपिकचं दुहेरीतलं सुवर्ण जिंकून बसली होती.

बंगळुरूत आल्या तेव्हा या सहांतल्या निम्म्या जणी पोरसवदा होत्या. चान 2007 मध्ये 17 वर्षांची. 2006 च्या अंतिम सामन्यात नेटच्या अलीकडे सानिया आणि पलीकडे वेस्निना, दोघी 19 च्या, वयात साडेतीन महिन्यांचं अंतर. दोघींनाही पुढे विम्बल्डन आणि अव्वल क्रमांक मिळणार होता, वेस्निनाला वर रिओ ऑलिंपिकचं सुवर्णही. बघणाऱ्यांना त्या दिवशी ते कसं कळावं! 2007 ला हरलेली शिए आणि 2008 ला जिंकलेली पेंग या दोघींनी पुढे जोडी जमवून 2013 चं विम्बल्डन मारलं. दुहेरी हा असा खेळ आहे. आजची प्रतिस्पर्धी उद्या शेजारी उभी असते, आणि ती कोण, कशी, दडपणाखाली सर्व्हिस कुठे टाकते हे जिने समोरून पाहिलंय तिलाच ते उपयोगी पडतं.

मला रेंगाळायचंय ते 2006 च्या विजेत्या जोडीपाशी. सानिया 19 ची, ह्युबर 29 ची. दोघींची ही जोडी आधीची. 2004 मध्ये हैदराबादला सानियाने डब्ल्यूटीएचं आयुष्यातलं पहिलं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं ते ह्युबरच्याच जोडीने, घरच्या कोर्टावर, वयाच्या 17 व्या वर्षी. अशी 43 विजेतेपदं तिने मिळवली, त्याची सुरुवात एका दहा वर्षं मोठ्या परदेशी जोडीदारणीने करून दिली. फोरहँड सानियाकडे होताच. पण नेटवर कधी आडवं धावायचं, पाठीमागे बोटांनी खूण काय करायची, लॉब गेला की जागा कोणी बदलायची हे एकटीने सराव करून येत नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये उंच उडालेला झेल दोघांच्या मध्ये टप्पकन पडतो ना, दोघंही ‘तुझा, तुझा’ म्हणत उभे? दुहेरीतला मधला चेंडू तसाच असतो. ‘माझा’ म्हणायची सवय शेजारच्या अनुभवी बाईकडून लागते.

म्हणून माझं एक मत आहे, आणि ते आयोजकांना आवडणारं नाही. आपल्याकडे स्पर्धा झाली की दुहेरीचं वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकाच्या मर्जीतला थेट प्रवेश, बहुधा दोन भारतीय मुलींच्या जोडीला मिळतं. भावना चांगली. घडतं काय? दोन नवख्या पहिल्याच फेरीत एखाद्या मुरलेल्या जोडीपुढे पडतात, तासाभरात सामना संपतो, आणि दोघींपैकी कोणीच कोणाला काही शिकवलेलं नसतं. त्याऐवजी आयोजकाने त्या आठवड्यात जोडीदार नसलेली, पन्नास-साठ स्पर्धा खेळलेली परदेशी खेळाडू शोधावी आणि तिच्या शेजारी आपली एक मुलगी उभी करावी. दोन मुलींऐवजी एकीलाच संधी मिळते हे खरं. राज्य संघटनेत त्यावरून फोन येतील हेही खरं. देशाच्या संघाला भारतीय जोडी लागतेच, हा आक्षेपही रास्त आहे. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात बिली जीन किंग कपमध्ये कोरियाविरुद्ध 1-1 अशी बरोबरी झाली तेव्हा अंकिता रैना आणि बार्शीची प्रार्थना ठोंबरे यांनीच निर्णायक दुहेरी जिंकून भारताला पुढे नेलं. पण त्या दोघी तिथे पोहोचल्या त्या जगभर उसन्या जोडीदारणींबरोबर आठवडे घालवून. अंकिताचं डब्ल्यूटीए विजेतेपद 2021 चं, जोडीला रशियाची कमिला राखिमोवा. प्रार्थनाने मुंबईत 2025 मध्ये अंतिम फेरी गाठली ती नेदरलँड्सच्या आरियान हार्टोनोबरोबर. ऋतुजा भोसलेचं हांगझो आशियाई स्पर्धेतलं मिश्र दुहेरीचं सुवर्ण आठवा. शेजारी 43 वर्षांचा रोहन बोपण्णा होता. पहिला सेट 2-6 असा गेल्यावर न डगमगणारा माणूस बाजूला असणं म्हणजे काय, ते ऋतुजाच सांगू शकेल.

आता हिशेब मांडून बघा. बंगळुरूची स्पर्धा 2008 नंतर गेली. त्या पातळीची महिलांची स्पर्धा भारतात पुन्हा आली ती 2022 मध्ये, चेन्नईला. मधली चौदा वर्षं पुण्या-मुंबईतल्या डब्ल्यूटीएच्या खालच्या, 125 गटाच्या मोजक्या स्पर्धा सोडल्या तर कोरडीच. 2008 मध्ये अंकिता 15 वर्षांची होती, प्रार्थना 13 ची, ऋतुजा 12 ची. पुढे ज्या वयात कब्बन पार्कात एखादं वाइल्ड कार्ड मिळून समोर शिए किंवा चान उभी राहिली असती, नेमकं त्या वयाच्या उंबरठ्यावर दार लागलं. प्रार्थना बार्शीहून हैदराबादला सानियाच्या अकादमीत गेली. तिथे अनुभवी जोडीदारीण घरातच भेटली, म्हणून इंचिऑन आशियाई स्पर्धेतलं दुहेरीचं कांस्य आलं. प्रत्येकीला सानिया मिळत नाही.

सानिया आणि प्रार्थना 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला एकत्र उतरल्या. पहिली फेरी. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, दुसरा 7-5 असा खेचून आणला, तिसरा 5-7 असा निसटला. पलीकडच्या बाजूला झांग शुआई होती आणि तिच्या शेजारी, आठ वर्षांपूर्वी बंगळुरूत करंडक उचलणारी पेंग.