पैसे अडवून भेग बुजत नाही


‘गवंड्याचे शेवटचे पैसे दाबून ठेवा, आपोआप वठणीवर येतो’ हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सल्ला पटला नाही. आमच्या वैरागात असे अडवलेले पैसे भावकीपर्यंत भांडण नेतात. स्लॅब मात्र गळतच राहतो.

आधी चूक कोणाची ते ठरवावे. भिंत ओळंब्यात नसेल, टिचकी मारल्यावर गिलावा पोकळ वाजत असेल, तर दोष कारागिराचा. पण पीपीसी सिमेंटच्या कामाला 10 ते 14 दिवस पाणी मारावे लागते. मजुरीच्या ठेक्यात ते बहुधा मालकाकडेच असते. उन्हाळ्यात टँकर परवडत नाही म्हणून आपण हात आखडला, तर भेगांचे खापर गवंड्यावर कसे फोडणार?

म्हणून आधी फोटो काढावेत, त्रयस्थ अभियंत्याकडून लेखी पाहणी करून घ्यावी, दुरुस्तीला मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी. तरीही दाद लागली नाही, तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ठेक्याने केलेले घरबांधकाम ही ‘सेवा’ ठरते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते; दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि प्रकरण मध्यस्थीनेही मिटू शकते. मात्र तोंडी ठरलेल्या दराला तिथे पुरावा लागतो. पाया खणण्याआधी दर, माल आणि हप्ते स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यावेत. त्यात दोघांचेही हित आहे.

— एक वाचक, वैराग (ता. बार्शी)