पंख्यावरचे नाव

आपल्या बीड जिल्ह्यात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या कोयत्यांबरोबर मुलेही कारखान्याच्या वाटेला लागतात. परततात ती उन्हाळा लागल्यावर. शाळेत हजेरीपटावर नाव तेवढे उरते. अशा मुलांसाठी दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी २००० साली शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला 'शांतिवन' सुरू केले. पुढे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलेही तिथे आली.

अशा कामांचे कौतुक पुष्कळ होते. शाल, श्रीफळ, सत्कार. वाढदिवसाला खाऊ वाटून फोटो काढणारेही येतात. पंखा देणारा त्यावर नाव घालतो. त्या पंख्याचे वीजबिल मात्र कुणालाच नको असते. "सेवा आहे ना, मग पगार कशाला?" असेही विचारतात. अहो, सेवा करणाऱ्याच्या घरीही चूल असते! शिक्षक टिकला नाही तर मूल कसे टिकेल?

'लोकसत्ता'ने २०११ मध्ये 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रम सुरू केला. गणेशोत्सवात संस्थांची ओळख छापली, वाचकांनी धनादेश पाठवले. म्हणजे देणारे हात आहेत. ओळख आणि विश्वास हवा. पण गणपती वर्षातून एकदा येतात, जेवणाची पंगत रोज बसते.

म्हणून एकदाच दोन हजार चारशे देण्यापेक्षा दरमहा दोनशे द्यावेत, असे माझे मत. संस्थेला पुढच्या महिन्याचा भरवसा येतो. आधी जाऊन पाहा, हिशेब विचारा, पावती घ्या. पेन्शनर मंडळींनी तर हिशेब लिहायलाच जावे.

तुम्हाला काय वाटते? जरूर कळवा.