निवाडा कागदावर, अंमल मनगटावर

जागतिक व्यापार संघटनेच्या दारी लहानथोर राष्ट्रे समान, असे १९९५ पासून आपल्याला ऐकवले जात आहे. कापसाच्या तंट्याने या दाव्याचा फोलपणा उघडा पाडला. अमेरिकेच्या कापूस-अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ साली फिर्याद केली. २००५ साली अपिलातही तो जिंकला. तरी अनुदाने पुरती हटली नाहीत. २००९ साली ब्राझीलला जशास तशी जकात बसवण्याची मुभा मिळाली, तेव्हा कुठे अमेरिका नमली. पण कशी? अनुदाने बंद करून नव्हे, तर २०१० साली ब्राझीलच्या कापूस-निधीला वार्षिक १४.७३ कोटी डॉलर कबूल करून! त्याच अनुदानांनी पाडलेल्या भावात नाडला गेलेला बेनिनचा, चाडचा, आपल्या विदर्भाचा शेतकरी मात्र रिकाम्या हातीच राहिला. बदला घेण्याइतकी बाजारपेठ ज्याच्यापाशी नाही, त्याने निवाडा घेऊन करायचे काय?

पुढे अमेरिकेने अपिलीय मंडळावरील नेमणुकाच रोखल्या. डिसेंबर २०१९ पासून ते ठप्प आहे. म्हणून नियम मोडीत काढा, असे आम्ही म्हणणार नाही. नियमाविना दुबळा अधिकच उघडा पडतो. एका राष्ट्रावरील अन्यायाचा प्रतिकार अनेकांनी मिळून करण्याचा हक्क नियमांतच हवा. आफ्रिकी राष्ट्रांनी २००२ साली केलेली ही मागणी समाजवाद्यांनी आपली मानलीच पाहिजे.